तीन लिटर निळा रंग

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, तेव्हा उगाच प्रयत्न करू नका. गणिताच्या शिक्षकांसाठी विद्यापीठात जो पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो, ज्याचं नाव काढलं की भल्याभल्या गणित मास्तरांच्या तोंडचं पाणी पळतं, तो मी पूर्ण केलेला आहे. नुसता पूर्ण नाही, पहिल्या क्रमांकानं. आता मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, हे खरं. भागाकाराचं चिन्ह मला अजूनही काडीच्या वर एक माशी आणि खाली एक माशी बसल्यासारखं दिसतं, हेही खरं. पण पहिला क्रमांक तो पहिला क्रमांक.

ही हकीकत मी आजवर एकदाच सांगायला घेतली, आणि तेव्हाही ती शेवटापर्यंत गेली नाही. त्याला कारण माझी भाची.

भाची शाळेत गणित शिकवते. लहानपणापासून एका जागी बसेल तर शपथ, म्हणून मी तिला खारूताई म्हणतो. त्या रविवारी दुपारी ती दारात उभी राहिली ती खांद्यावरच्या बॅगेसकट. मी चक्रावलोच. सुट्टीतला महिनाभर तिला विद्यापीठात राहून वर्ग करायचे होते. तोच अभ्यासक्रम, मी वर सांगितलेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सगळ्या शिक्षकांसमोर पाठ घ्यायचा होता.

"मामी, चहा टाक," ती म्हणाली. बॅग खुर्चीवर ठेवली. "नको, राहू दे." बॅग उचलून जमिनीवर ठेवली. "टाकच."

मामी उशीच्या अभ्र्याला बटण लावत होती. तिनं दोरा दातानं तोडला, माझ्याकडे एक नजर टाकली आणि आत गेली. ही नजर मला चांगली ओळखीची आहे. 'विचारा, पण थापा मारू नका,' असा तिचा अर्थ असतो.

"काय गं, सुट्टी दिली वाटतं?" मी विचारलं.

"सोडला मी कोर्स."

"सोडला म्हणजे? सांगून आलीस?"

"उद्या मी दिसले नाही की कळेल त्यांना." ती खिडकीपाशी गेली, खिडकी उघडली, आवाज येतो म्हणून लावली, उकडतं म्हणून पुन्हा उघडली. टेबलावरचे माझे रंगाचे ब्रश उंचीप्रमाणे लावायला घेतले. खिशात फोन गुरगुरला. तिनं तो न बघताच पालथा ठेवला.

"आणि मग तुझे वरचे वर्ग?"

"जातील." हे ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली. "या वर्षीपासून नियमच आहे. कोर्स नाही तर आठवीच्या वर पाऊल ठेवायचं नाही. मला देतील वाचनालयाचा तास. नाहीतर प्रार्थनेच्या वेळी रांगा सरळ करायला उभी करतील."

आता तुम्हाला सांगतो, माझ्या भाचीचा जीव कशात असेल तर त्या वरच्या वर्गांत. घरी आली की त्यांच्याच गोष्टी. कोण वहीत आकड्यांना मिशा काढतो, कोणाला बीजगणित अचानक एका मंगळवारी कळलं. तिच्याकडून ते वर्ग काढून घेणं म्हणजे माझ्याकडून बोलणं काढून घेण्यासारखं. त्यामुळे माझं धाबं दणाणलं, पण चेहऱ्यावर मी ते दिसू दिलं नाही.

"झालं काय असं?"

चहा आला. ती कप हातात घेऊन येरझाऱ्या घालत बोलायला लागली. दर फेरीला थोडा चहा बशीत सांडत होता आणि मामी त्या बशीकडे बघत होती.

झालं होतं ते असं. शुक्रवारी तिचा सरावाचा पाठ होता. तिकडची पद्धत अशी की शिक्षकांनीच बाकावर पोरं होऊन बसायचं, आणि एकानं उभं राहून शिकवायचं. नियम वापरायचा नाही, कारण सांगायचं. सरांनी हिला दिलं तीन भागिले पाऊण. उत्तर सगळ्यांना पाठ: चार. 'अपूर्णांक उलटा करा आणि गुणा' हे तर ती रोज सातवीला घोकून घेते. पण सर म्हणाले, उलटं करायचं नाही, घरातली एखादी गोष्ट सांगा, जिच्यात तीनला पाऊणनं भागावं लागेल.

"मग मी सांगितली," भाची म्हणाली. "म्हटलं, तीन लिटर दूध आहे. त्यातला पाऊण हिस्सा वापरला. सर म्हणाले, छान, मग उत्तर? म्हटलं चार. सर म्हणाले, तुमच्या गोष्टीत दूध तीन लिटरच्या वर गेलंच नाही, हे चार आलं कुठून? आणि मामा, मी... मी नुसती उभी. हातात खडू. सगळे हसले."

"वाईट हसले?"

"तेच तर. वाईट नाही हसले. आपल्यावर ही वेळ आली नाही म्हणून हसतात ना, तसे." तिनं कप ठेवला, पुन्हा उचलला, तो रिकामा होता. "सोमवारी पुन्हा करा म्हणाले. दोन दिवस डोकं फोडतेय. मागे सातवीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, बाई, भागल्यावर कमी व्हायला पाहिजे ना, हे वाढतं कसं? मी तिला म्हटलं, नियम आहे, लिहून घे. लिहून घेतलं बिचारीनं. इतकी वर्षं मी सगळ्यांना नुसतं लिहूनच घ्यायला लावलंय. मला तरी कुठं माहितेय ते वाढतं कसं! संध्याकाळची गाडी आहे. ती पकडायची नाही, एवढं ठरलंय."

एवढं ठरलंय म्हणणाऱ्या माणसानं बॅग उघडून कपडे कपाटात ठेवायला हवेत की नाही? तिनं बॅगेचा बंद आवळला. मग सैल केला. मग आवळला.

मी पाय वर घेऊन मांडी घातली आणि म्हणालो, "खारूताई, यात काय घाबरायचं? मी केलाय तो कोर्स."

मामीनं अभ्रा खाली ठेवला. "अहो."

"अगं, केलाय म्हणजे केलाय."

"मामा, प्लीज. आत्ता नको."

"ऐकायचं नसेल तर नको ऐकू. तू घाल फेऱ्या. मी मामीला सांगतो."

मामी म्हणाली, "मला कशाला? लग्नाला इतकी वर्षं झाली, मी घरातच होते." पण अभ्रा पुन्हा उचलून ती ऐकायला बसली, आणि मी सुरू केलं.

"आमच्या शाळेत गणिताचा एक मास्तर होता. त्याला पोरं पाऊणकी म्हणायची. का, तर त्याला जुना पाऊणचा पाढा येत असे आणि तो उठता बसता तोच म्हणायचा. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. जेवताना घासागणिक म्हणायचा. तर कोर्सला नाव गेलं होतं ह्या पाऊणकीचं. आणि निघायच्या दिवशी सकाळी बघतो तर पाऊणकी शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढून बसलेला! खाली उतरेना. मुख्याध्यापक खालून हात जोडतायत, शिपाई शिडी हलवतोय, आणि हा वरून नुसता ओरडतोय, एक पाऊण पाऊण! दोन पाऊण दीड! तेवढ्यात मी हातात मोठा कंपास घेऊन तिथून चाललो होतो. फळ्यावर कमळ काढायचं होतं. मुख्याध्यापकांनी कंपास बघितला आणि म्हणाले, तुम्ही! गाडीत बसा."

"चित्रकलेच्या शिक्षकाला?" भाची कपाटाच्या आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली.

"कंपास होता ना हातात. तर तिथे पोचलो. वर्गात सगळे गणिताचे मास्तर. कोणाची पन्नाशी उलटलेली, कोणाच्या कोटाला खडूची पूड इतकी की झटकला तर सावली पांढरी पडावी. आणि बाकावर बसल्या बसल्या सगळे एकदम पोरं झाले बघ! शेवटच्या बाकासाठी मारामारी. एक जण तर दुसऱ्या गावचा मुख्याध्यापक, स्वतःच्या शाळेत ह्याच्या भीतीनं कबुतरंसुद्धा घुमत नसत, त्यानं पहिल्याच तासाला कर्कटकानं बाकावर स्वतःचं नाव कोरलं. दुसरा दर थोड्या वेळानं करंगळी वर करायचा. चिठ्ठ्या काय, खोड्या काय! माझ्या पाठीला कुणीतरी कागद चिकटवला होता, 'मला वर्तुळ येत नाही' म्हणून."

भाची हसली नाही, पण येरझाऱ्या थांबल्या. टेबलाच्या कडेवर टेकली. पाय मात्र हलतच होता.

"आणि शिकवायला कोण? एक बाई. उंच इतक्या की फळ्याचा वरचा कोपरा त्या वाकून पुसायच्या. त्यांचा एकच नियम होता, की नियम सांगायचा नाही. तोंडातून 'उलटा आणि गुणा' निघालं की थेट वर्गाबाहेर! पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सगळा वर्ग बाहेर. व्हरांड्यात मास्तर इतके दाटले की दार आतून उघडेना. बाई आत एकट्या, रिकाम्या बाकांना शिकवतायत. आणि तो खडू! त्या फळ्यावर कुणी पाठ केलेलं लिहायला गेला की खडू आपोआप कट्कन तुटायचा. माझ्या डोळ्यांदेखत एका मास्तरांच्या हातात खोकंभर खडूंचा चुरा झाला."

"मामा, खडू दाबून लिहिलं की तुटतोच."

"तुझा तुटतो. तो स्वतः तुटायचा, त्यात फरक आहे. पुढे ऐक. कोणी सुधारेना, तेव्हा बाईंनी पालकसभा बोलावली."

"कुणाची?"

"मास्तरांच्या बायकांची! आणि दोन मास्तरीणबाई होत्या त्यांच्या नवऱ्यांची. एकेकीला खुर्चीवर बसवून बाई सांगतायत, तुमचे यजमान हुशार आहेत, पण घरी विचार करत नाहीत, नुसतं पाठ करतात. तुम्ही जरा लक्ष द्या. आणि बायका पदर सावरत म्हणतायत, काय करू हो बाई, माझं ऐकतच नाहीत."

मामी बटण लावता लावता म्हणाली, "मला नाही बोलावणं आलं ते?"

"चिठ्ठी दिली होती तुझ्यासाठी. मी वाटेतच फाडली."

मामी खुदकन हसली, आणि भाचीच्याही ओठाचा कोपरा हलला. पण लगेच तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि मग, जणू काही बघितलंच नाही, असं दाखवायला घड्याळ तिरकं आहे म्हणून उठून ते सरळ केलं. गाडीला अजून वेळ होता. फार नव्हता.

मी घाई केली.

"शेवटी परीक्षेचा दिवस आला. लेखी नाही, तोंडी नाही. बाईंनी वर्गाचं दार आतून लावलं, किल्ली खिडकीतून बाहेर टाकली आणि फळ्यावर लिहिलं. तीन भागिले पाऊण."

"हेच?" भाची वळली. "माझंच गणित?"

"गणितं तीच असतात गं, मास्तर बदलतात. बाई म्हणाल्या, ह्याची गोष्ट सांगा. जोवर एकाला तरी सांगता येत नाही तोवर कोणी घरी जाणार नाही. झालं! सगळ्यांची पाचावर धारण बसली. मुख्याध्यापक उठले, म्हणाले, तीन मैल रस्ता, त्यातला पाऊण रस्ता चाललो. बाई म्हणाल्या, बसा. एक जण म्हणाला, तीन तासांचा प्रवास, त्यातला पाऊण झोपून काढला. बसा. तो करंगळीवाला तर उठलाच नाही. दुपार झाली. सगळे चिडीचूप. कोणाचं तरी पोट गुरगुरलं तर सगळ्यांनी वळून बघितलं, वाटलं उत्तर आलं."

"मग?" हे भाचीनं विचारलं. ती आता माझ्या समोरच्या खुर्चीत बसली होती, कडेला, पण बसली होती.

"मग मी उठलो," मी म्हणालो आणि डोळे मिटून घेतले. मोठी हकीकत सांगताना मी डोळे मिटतो. समोरच्याचं तोंड दिसलं की लय बिघडते. "माझ्याकडे कायमच रंग असायचे. तीन डबे निळ्या रंगाचे, एकेक लिटरचे. मी ते बाईंच्या टेबलावर ठेवले. म्हटलं, बाई, हा तीन लिटर रंग. आता बघा. आणि घेतला ब्रश, आणि त्यातला पाऊण हिस्सा रंग सगळाच्या सगळा त्या फळ्याला फासला! वरपासून खालपर्यंत निळाशार फळा. त्या दिवसापासून त्या फळ्यावर कोणाचा खडू तुटला नाही. म्हटलं, ही घ्या गोष्ट. तीन भागिले पाऊण, उत्तर चार. बाईंच्या डोळ्यांत पाणी. टेबलावर उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या, डोकं छताला लागलं त्यांचं. म्हणाल्या, पहिला क्रमांक—"

"थांब."

मी डोळे उघडले. ती उभी होती.

"काय थांब? अजून बक्षीस समारंभ आहे. हत्ती आहे त्यात."

"हत्ती राहू दे. फळ्याला रंग किती लागला?"

"पाऊण हिस्सा."

"तीन लिटरचा पाऊण हिस्सा म्हणजे सव्वादोन लिटर. डब्यांत उरला पाऊण लिटर. मग ह्यात चार कुठाय?"

"चार... फळ्याला कोपरे चार असतात."

"मामा!"

"बरं, चार हात दिले असतील रंगाचे. फळा मोठा होता."

"अरे, हा भागाकारच नाहीये! हा गुणाकार आहे! तीनचा पाऊण हिस्सा काढलास तू. हीच तर... हीच तर माझी शुक्रवारची चूक!" तिचा उजवा हात हवेत काहीतरी शोधत होता. मला माहीत आहे तो हात. चुकीचं उत्तर दिसलं की शिक्षकाचा हात लाल पेनासाठी असाच शिवशिवतो. स्वतःची चूक दोन दिवस समोर ठेवली तरी दिसत नाही, दुसऱ्याची मात्र दारातून दिसते. "फळा सबंध रंगवून नाही चालणार. पाऊण हा हिस्सा नाही धरायचा, ते माप धरायचं. माप! मामी, ते कप दे इकडे. तिन्ही दे."

"माझा चहा आहे त्यात," मी म्हणालो.

तिनं माझा चहा सरळ बशीत ओतला. तीन कप टेबलावर ओळीनं मांडले, ब्रशांची रांग विस्कटून.

"हे तीन डबे. फळा नाही, दारं रंगवायची आहेत. एका दाराला पाऊण लिटर रंग लागतो. तर तीन लिटरमध्ये दारं किती? पहिला डबा, एक दार झालं, तळाला पाव लिटर उरला. दुसरा डबा, दुसरं दार, पाव उरला. तिसरा डबा, तिसरं दार, पुन्हा पाव उरला. आता हे तीन पाव एकात ओत." तिनं रिकामे कप एकमेकांत खरंच ओतले. "पाव, पाव, पाव. पाऊण! चौथं दार!"

मामीनं सुई हवेतच धरली होती.

"काही वाढलंच नाही, मामी! रंग तीन लिटरच आहे. चार आहेत ती दारं. आपण लिटर मोजता मोजता दारं मोजायला लागलो, आणि दार लिटरपेक्षा लहान मापाचं, म्हणून आकडा मोठा. हेच विचारत होती ती पोरगी मला. एवढंच सांगायचं होतं तिला. आणि तो तुझा पाऊणकी! एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण... चार पाऊण तीन! अरे देवा, तो टाकीवर बसून उत्तरच ओरडत होता आणि तुम्ही सगळे खाली शिडी हलवत बसलात!"

ती हसत होती, आणि हसता हसताच बॅगेचा बंद आवळून ती खांद्याला लावत होती. "मामी, हे तीन कप मी नेतेय, उद्या वर्गात लागतील. गाडी चुकली तर तुझ्या नवऱ्याला टाकीवर चढवून ठेव." चपला पायात सरकवून ती दारात पोचली, आणि तिथून माझ्याकडे बोट रोखून गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा म्हणाली, "आणि पहिला क्रमांक म्हणे! जो माणूस पाऊण हिस्सा काढतो आणि त्याला भागाकार म्हणतो, त्याला तिथे पहिल्याच दिवशी पकडलं असतं. मामा, धडधडीत थाप आहे ही. त्या वर्गात तू एक तासभरसुद्धा बसलेला नाहीस!"